तीन चंद्रांचं आरमार आणि घरातला तांडेल

पत्र असं आहे:

"ताई, मी विजयदुर्गाच्या बाजूला राहते, वय २१. एक मोठी गोष्ट लिहायला घेतलीय. तीन चंद्र असलेला एक ग्रह, सगळीकडे पाणीच पाणी, तिथले जीव आठ बोटांचे आणि त्यांचं मोठं आरमार. अडचण अशी की कॅप्टन, कमांडर लिहिलं की डब केलेला पिक्चर वाटतो, महासेनापती लिहिलं की पौराणिक सिरीयल वाटते, म्हणून मी स्वतः 'झ्राक्थोर' असं पद बनवलं तर मैत्रीण म्हणते लक्षातच राहत नाही. दुसरं, दरबारी बोलणं दाखवायला सगळ्यांच्या तोंडी 'आपण' घातलंय, पाच पानांत मलाच कंटाळा आला. आणि शेवटचा सीन तर अडूनच बसलाय, एका मोठ्या अधिकाऱ्याचं जहाज बुडतं आणि त्याच्या हाताखालच्या पोराने ती बातमी दरबारात सांगायची, तो काय बोलेल तेच सुचत नाही. बाबा ट्रॉलरवर तांडेल आहेत, बोटीवरचे मुख्य तेच, त्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले मला यातलं काय कळत नाय. काय करू?"

बाय गो, पत्र दोनदा वाचलं, आणि शेवटी जे तू घाईघाईत लिहून टाकलंयस ना, बाबा तांडेल आहेत म्हणून, तिथेच मी थांबले. अगं तुझ्या घरात एक जिवंत हुद्दा रोज जेवायला बसतो आणि तू झ्राक्थोर शोधत फिरतेयस. बाबांकडे आपण शेवटी येऊ, आधी हुद्द्यांची गोष्ट सांगते, कारण ती कळली की निम्मं काम होतं.

'सारंग' हा शब्द घे. मूळ फारसी सरहंग, म्हणजे फौजेतला सरदार. इराणमध्ये आजही सरहंग म्हणजे कर्नल. आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या आरमारात दर्यासारंग, म्हणजे इतका वरचा की कागदांत मायनाक भंडाऱ्याच्या जोडीला हा माणूस पदवीनेच येतो, पदवीच नाव होऊन बसली. आणि हाच शब्द पुढे इंग्रजांच्या बोटींवर गेला तेव्हा 'सेरंग' म्हणजे फक्त खलाशांचा मुकादम, त्याच्या वर बोटीवर कितीतरी गोरे साहेब. शब्द एकच, पण तीन दर्यांवर त्याची तीन उंची.

हवालदाराचंही तेच. शिवकाळात गडाचा हवालदार म्हणजे गडाचा मुख्य, दरवाजाच्या किल्ल्या त्याच्याकडे. आज लष्करात हवालदार हा सुभेदाराच्या खाली असतो, आणि आपण तर रस्त्यावर उभ्या असलेल्या कुठल्याही पोलिसाला हवालदार म्हणून मोकळे होतो. सुभेदार म्हणजे एकेकाळी अख्ख्या सुभ्याचा कारभारी, आता ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर. बहुतेक वेळा हुद्दे असे शतकानुशतकं खाली घसरत येतात, कारण मोठं नाव सगळ्यांनाच हवं असतं आणि वाटून वाटून ते पातळ होतं. उलटंही होतं, युरोपातला मार्शल हा मुळात घोडे सांभाळणारा नोकर होता, तो चढत चढत सैन्याच्या टोकाला गेला.

मी हे सगळं का सांगतेय, तर तुझ्या झ्राक्थोरची खरी अडचण ही आहे की त्याला काल नाहीये. तो शब्द आज सकाळी जन्मला आणि थेट जहाजावर जाऊन उभा राहिला. वाचकाला तो लक्षात राहत नाही कारण त्याला धरून ठेवायला काहीच नाही. तूच विचार कर, तुझ्या ग्रहावर पाचशे वर्षांपूर्वी या हुद्द्याचा माणूस काय काम करायचा? आणि आता काय करतो? या दोन उत्तरांत जो फरक पडेल तिथून तुला अख्खा एक प्रसंग मिळेल. समज एखादा म्हातारा अधिकारी आहे, त्याच्या पणजोबाच्या वेळी त्याचा हुद्दा म्हणजे बेटाचा मालक, आणि आता तोच हुद्दा लावून तो धक्क्यावर माल मोजतो, पण कोणी नुसत्या नावाने हाक मारली तर वळून बघत नाही. असा माणूस वाचक विसरणार नाही, मग त्याचा हुद्दा कसा विसरेल.

कॅप्टनबद्दल थोडंसं. तो शब्द वाईट नाहीये, पण तो एकटा येत नाही, पांढरा युनिफॉर्म, सलाम, रेडिओवरचं इंग्रजी असं सगळं बरोबर घेऊन येतो, आणि तू एकदा त्याला आत घेतलंस की तुझे आठ बोटांचे जीव माणसांसारखे उभे राहायला लागतात. शिवाय त्यात एक गफलत आहे जी खूप जण करतात. नौदलातला कॅप्टन हा लष्करातल्या कर्नलच्या बरोबरीचा असतो, आणि लष्करातला कॅप्टन हा नौदलातल्या लेफ्टनंटच्या बरोबरीचा. म्हणजे तुझ्या गोष्टीत जहाजावर एक कॅप्टन आणि किनाऱ्यावरच्या फौजेत एक कॅप्टन असेल आणि दोघं एकमेकांना बरोबरीने बोलत असतील, तर जाणकार वाचक तिथेच अडखळेल. तुझ्या तर बाजूलाच, मालवणात, २०२३ च्या ४ डिसेंबरला नौदल दिन झाला तेव्हा नौदलातल्या पदांना भारतीय परंपरेतली नावं देणार अशी घोषणा झाली होती, आठवत असेल. म्हणजे हा प्रश्न फक्त तुझ्या गोष्टीतला नाहीये, खऱ्या आरमारालाही तो पडतो.

आणि पूर्वीही पडला होता. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी महाराजांनी अष्टप्रधानांची फारसी नावं बदलून संस्कृत केली, मुजुमदाराचा अमात्य झाला, डबीराचा सुमंत, सुरनिसाचा सचिव, सरनोबताचा सेनापती, आणि राज्यव्यवहारकोश करून घेतला तो याच कामासाठी. पण बघ, पेशव्याचं मुख्य प्रधान केलं तरी लोकांच्या तोंडी पेशवाच राहिला, इतका की पुढे अख्ख्या काळाला पेशवाई म्हणायला लागले. आणि सबनीस, कारखानीस, चिटणीस, फडणीस, सरनोबत ही तर आज आडनावं आहेत. तुझ्या ग्रहावर असं घडव ना. नव्या राजाने सगळे हुद्दे बदललेत, दरबाराच्या कागदावर नवं नाव, डेकवर मात्र जुनंच चालू. मग कोण कुठलं नाव घेतो यावरून तो कोणाच्या बाजूचा ते वाचकाला आपोआप कळतं, तुला वेगळं सांगत बसावं लागत नाही.

आता शब्द बनवायचे कसे. मला विचारशील तर दोन वाटा सगळ्यात पक्क्या, एक आकड्यांची आणि एक कामाची.

आकड्यांची वाट जुनी आहे. महाराजांच्या घोडदळात २५ बारगिरांवर एक हवालदार, ५ हवालदारांवर जुमलेदार, १० जुमल्यांवर हजारी. गुणाकार केलास तर हजारीच्या हाताखाली १२५० होतात, पण नाव हजारीच. तुर्कस्तानात आजही मेजरला बिनबाशी म्हणतात, म्हणजे हजारांचा मुख्य, आणि कॅप्टनला यूजबाशी, शंभरांचा मुख्य, मग प्रत्यक्षात माणसं किती का असेनात. रोमन लोकांचा सेंच्युरियन म्हणजे शंभरांवरचा, त्याच्या तुकडीत साधारण ऐंशीच असायचे. आता तुझे जीव आठ बोटांचे, मग ते दहा-शंभर-हजार कशाला मोजतील? ते ८, ६४, ५१२ असं मोजतील. आठांवरचा आठकरी, चौसष्टांवरचा चौसष्टकरी. आणि तो लांबलचक शब्द कागदावरच ठेव, खलाशांच्या तोंडी झिजवून 'चौस्करी' कर, जसं लष्करात साहेबचं साब होतं. चौस्करी हा शब्द मराठी वाचक एकदा वाचून विसरणार नाही, कारण आतला आकडा त्याला अर्धवट ऐकू येत राहतो, आणि त्या जीवांना बोटं किती हेही तू न सांगता सांगितलंस.

कामाची वाट मला जास्त आवडते. फ्रेंचमध्ये लेफ्टनंट म्हणजे जागा धरणारा, साहेब नसताना त्याच्या जागी उभा राहणारा. हवालदार म्हणजे ज्याच्या हवाली काही केलंय तो. नायब म्हणजे बदली. हुद्दे असे साध्या कामातून उगवतात. तर तुझ्या ग्रहावर सगळ्यात अवघड काम कुठलं? तीन चंद्र आहेत गो! आपल्याकडे एकच चंद्र आहे तरी उधाणाची मोठी भरती कधी, भांगाची लहान भरती कधी याचा हिशेब डोक्यात ठेवावा लागतो, आणि तो हिशेब चुकला तर बोट खाडीच्या तोंडावर टेकते. तीन चंद्र असतील तर भरती कधी येईल, किती येईल, हे सांगू शकणारा माणूसच तिथे सगळ्यात मोठा असणार, तलवारवाला नाही. त्याला 'भरतीकरी' म्हण. त्याच्या हाताखाली खोली मोजणारा, त्याच्या हाताखाली दोर सांभाळणारा. बघ, सगळी उतरंड पाण्यातून वर आली. लिहिताना मला सुचलं, की ज्या रात्री तिन्ही चंद्र एका रेषेत येतात त्या रात्री भरतीकऱ्याचा शब्द राजाच्याही वर चालत असेल, पण ते तुझं तू ठरव.

इथे एक मराठीची गोष्ट जी इंग्रजीत लिहिणाऱ्यांना बघावी लागत नाही. आपल्या भाषेत नाम नुसतं उभं राहत नाही, त्याला विभक्ती लागते. कुठलंही पद पक्कं करायच्या आधी ते मोठ्याने चालवून बघ. झ्राक्थोराने झ्राक्थोरांच्या झ्राक्थोरपणाला, जीभ अडकली ना? भरतीकऱ्याने, भरतीकऱ्यांना, भरतीकऱ्यांनो, सरळ जातं. आणि तुझ्या आरमारात बायकाही अधिकारी असतील तर आणखी एक अडचण, आपल्याकडे पाटलीणबाई म्हणजे पाटलाची बायको, सुभेदारीणबाई म्हणजे सुभेदाराची बायको, हुद्द्याला स्त्रीलिंगी प्रत्यय लावला की बाईचा हुद्दाच जातो आणि ती कोणाची तरी बायको होते. मानकरी, वारकरी, पहारेकरी या जातीचे शब्द त्यासाठी फार चांगले, भरतीकरी आला आणि भरतीकरी आली दोन्ही चालतं, शब्दाला हात लावावा लागत नाही.

आता दरबारी बोलणं. तू सगळ्यांना 'आपण' दिलंस तिथे गडबड झाली, कारण सगळेच आपण-आपण करायला लागले की त्यातून वर कोण आणि खाली कोण तेच कळेनासं होतं.

क्लिंगॉन भाषा ऐकून असशील, 'स्टार ट्रेक'मधल्या परग्रहावरच्या लढवय्यांसाठी मार्क ओक्रँड यांनी बनवलेली, तिचा शब्दकोश १९८५ मध्ये आला. त्यात वरिष्ठाशी बोलताना क्रियापदाला लावायचा एक आदराचा प्रत्यय आहे, पण तो क्वचित वापरतात आणि वापरलाच पाहिजे अशी सक्तीही नाही. आणि लष्करी हुकमांसाठी शब्दांचे प्रत्यय गाळून तोडकं बोलायची पद्धत आहे. मला हे फार पटतं. आदर दुर्मिळ आणि हुकूम आखूड. तुझे बाबा जाळं ओढताना 'कृपया दोर ओढावा' म्हणतात का? ओढ म्हणतात, सोड म्हणतात, आणि बोटीवरचं कोणी रागावत नाही, कारण तिथे तेच रीतीचं बोलणं आहे.

आणि आता गावच्या देवळात चल. गाऱ्हाणं ऐकलंयस ना? नारळ ठेवलेला, एक जण उभा राहून देवाला सगळं सांगतोय आणि प्रत्येक वाक्यानंतर सगळे मिळून 'व्हय महाराजा'. याच्याइतकं रीतीचं बोलणं कोकणात दुसरं नाही. पण त्यात शब्द बघ कसले, रोजचे, घरचे, मालवणीच. आणि ज्याला महाराजा म्हणतात त्याच देवाला तू म्हणतात! आपण आईला तू म्हणतो, देवाला तू म्हणतो, मधल्या साहेबांना तुम्ही आणि फार औपचारिक झालं तर आपण. म्हणजे मराठीत आदराची शिडी सरळ वर जात नाही, पार टोकाला पोचली की पुन्हा 'तू'वर येते. हे हेरून ठेव, शेवटच्या सीनला लागणार आहे. आणि गाऱ्हाण्यात बोलणारा एकटा स्वतःसाठी बोलत नाही, अख्ख्या गावाच्या वतीने बोलतो, म्हणून 'व्हय महाराजा' लागतं, त्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. तुझ्या दरबारातही अशीच रीत ठेव, एकाने बोललेलं वाक्य बाकीच्यांनी उचलल्याशिवाय ते झालं असं धरायचंच नाही. मग ज्या दिवशी कोणीच उचलत नाही तो दिवस केवढा भयंकर होईल बघ.

तिसरी गोष्ट, न बोलायचे शब्द. आपण घरातून निघताना जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. बांगडी फुटली नाही म्हणत, वाढली म्हणतो. देवापुढे नारळ फोडत नाही, वाढवतो. दुकान बंद करत नाही, वाढवतो. दिवा विझवत नाही, मालवतो. रात्री सापाचं नाव घेत नाहीत, जनावर म्हणतात. ज्या गोष्टीची भीती तिला थेट हात न लावता बाजूने जायचं. समुद्रावर जगणाऱ्या तुझ्या लोकांना कशाची भीती असेल? बुडण्याची. मग त्यांच्या भाषेत बुडणे हा शब्द जहाजासाठी वापरायचाच नाही, ठरलं.

एक छोटा नमुना देते. तू पाठवलेल्यात असं होतं: "आदरणीय झ्राक्थोर, आपल्या आज्ञेनुसार जहाज सज्ज आहे, आपण कृपया आसनस्थ व्हावे." मी हेच असं लिहिलं असतं:

"भरतीकरी, जहाज पाण्यावर आहे."
"किती पाणी?"
"दोन चंद्रांचं."
"बस."

पोरगा बसला. चौस्करी उभाच होता, त्याला बस म्हटलेलं नव्हतं.

बघ, आदराचा एकही शब्द नाही, पण कोण कोणाच्या वर ते कळलं, आणि भरतीकऱ्याचा जीव या पोरावर आहे आणि चौस्कऱ्याला ते सलतंय हेही कळलं. रीतीचं बोलणं असं कोणी बसायचं, कोणी आधी बोलायचं, कोणाचं नाव घ्यायचं नाही, यात असतं, विशेषणात कमी असतं. जुनी पत्रं काढून बघ घरात, 'ति. बाबांस' म्हटलं की लिहिणारा लहान, 'चि.' म्हटलं की मोठा, दोन अक्षरांत नातं संपलं, पुढे सगळं आंब्याच्या पेट्यांचं आणि पावसाचं. तसंच कर, सुरुवातीला एक खूण आणि पुढे साधं बोलणं.

आता तो अडलेला सीन. पोरगा दरबारात येतो. तो 'भरतीकऱ्यांचं जहाज बुडालं' म्हणू शकत नाही, कारण तो शब्द नाही. तो म्हणेल, "भरतीकऱ्यांचं जहाज वाढलं." आणि थांबेल, कारण बाकीच्यांनी ते उचलायला हवं. कोणी उचलत नाही. चौस्करीही गप्प. राजाही गप्प. वाक्य हवेत अधांतरी, म्हणजे त्यांच्या रीतीने भरतीकरी अजून मेलेलाच नाही. तेव्हा पोरगा राजाकडे पाठ करतो, जे कोणीच करत नाही, खिडकीतून पाण्याकडे बघतो आणि म्हणतो, "पाणी किती आहे ते तूच सांग आता." बस. त्यांच्यातही गेलेल्या माणसाला देवासारखं तू म्हणायची रीत आहे हे तू आधी कुठेतरी, एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या तोंडून, सहज दाखवून ठेव, या सीनमध्ये समजावू नकोस. आणि एक सांभाळ, त्याआधीच्या सगळ्या पानांत या पोराने भरतीकऱ्याला एकदाही तू म्हटलेलं नसलं पाहिजे, रागात पण नाही, मनातल्या मनात पण नाही. पहिल्या पानापासून शोधून बघ, एखादं निसटलं असेल.

राहिले बाबा. त्यांना गोष्ट वाचून दाखवू नकोस, त्यांना प्रश्न विचार. बोटीवर नवीन खलाशी आला की पहिल्या दिवशी त्याला काय करू देत नाहीत? तुमच्याशी आधी कोण बोलतं? जाळं कुठे टाकायचं यावर कोणाचं पटलं नाही तर तो ते कसं बोलून दाखवतो? बोटीवर कुठले शब्द काढायचे नाहीत? मी बघितलंय, बोट किनाऱ्याला ओढली की जाळी दुरुस्त करताना तेच खलाशी तांडेलाची थट्टा करतात, चहा मागवायला सांगतात, आणि बोट पाण्यात गेली की त्याच माणसाच्या नुसत्या मानेच्या हलण्यावर हलतात. हे तुझ्या बाबांना सगळं माहितीये, त्यांना फक्त ते झ्राक्थोर कळत नव्हतं. वही घेऊन बस त्यांच्या बाजूला. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी ३१ जुलैपर्यंत आहे, नंतर ते काय तुला घरी सापडायचे नाहीत.